अप्पांच्या गिटारसाठी स्पीकर: राऊ ते सियागंज आणि परत

मांडूचे महाल, महेश्वरचा घाट, उज्जैनची गर्दी हे सगळं इतर ब्लॉगांवर भरपूर आहे. मी मागच्या शनिवारी इंदूरजवळच्या राऊहून शहरातल्या सियागंज बाजारात गेले, सासऱ्यांना, त्यांच्या गिटारला आणि तिच्या ॲम्प्लिफायरला घेऊन. असा प्रवास करायचा असेल त्यांनी पुढे वाचावं. इतरांनी मांडूला जावं.

अप्पा, म्हणजे माझे सासरे, हवाईयन गिटार वाजवतात. मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून स्टीलची कांडी सरकवत. बँकेतून निवृत्त झाल्यापासून रोज संध्याकाळी. मी लग्न होऊन साताऱ्याहून आले तेव्हा नोकरी नवी, शहर नवं, आणि घरातलं निम्मं मराठी मला हिंदीच वाटायचं. संध्याकाळी गिटार सुरू झाली की मात्र बरं वाटायचं. होळीच्या सुमारास ॲम्पमधल्या स्पीकरचा पडदा फाटला. अप्पांनी गिटार पलंगाखाली सरकवली आणि म्हणाले, "ॲम्प भंगारात देऊन टाक. आता वय झालं." मला हे मुळीच मान्य नव्हतं. आज गिटार, उद्या फिरायला जायचे बूट, असं एकेक पलंगाखाली जाणार, याची मला धास्ती वाटली.

नवरा म्हणाला, "ऑनलाइन मागवून टाक ना." अप्पा एकदम ताठ बसले. "ऐकल्याशिवाय स्पीकर घेतात का रे? वांगी आहेत का ती?" वांगीसुद्धा तो ऑनलाइनच मागवतो, पण ते असो. अप्पा यायला तयार झाले, एवढं मला पुरे होतं.

निघण्याआधी पोहे. इंदुरात पोटात पोहे पडल्याशिवाय कामाला हात लावत नाहीत. वर शेव, जीरावण मसाला, सोबत जिलबी. अप्पांनी दोन प्लेट खाल्ल्या आणि मग भूक नसल्याचं सांगितलं. रिक्षावाल्याने ॲम्पकडे पाहून विचारलं, "बाबूजी, ये भी सवारी है क्या?" आणि सवारीचेच पैसे घेतले.

सियागंजला स्वतःची गाडी नेऊ नका. हातगाड्या, साखरेची पोती आणि वाळलेल्या मिरच्यांचा खकाणा यांतून वाट काढत, शिंकत शिंकत आम्ही स्पीकरवाल्यांच्या गल्लीत पोहोचलो. पहिल्या दुकानातल्या सेठजींनी काही न विचारता ढोलाचं गाणं लावलं. काउंटरवरचा चहाचा ग्लास चालायला लागला.

"बाबूजी, दम देखो. पूरी कॉलोनी हिल जाएगी."

"मला कॉलनी हलवायची नाहीये," अप्पा मला म्हणाले आणि बाहेर पडले.

जाणाऱ्यांसाठी सूचना: डीजेचा स्पीकर गिटारच्या ॲम्पला लावू नका. जुन्याचं माप आणि मागे छापलेले ओहम जुळवून घ्या, वॅट ॲम्पपेक्षा कमी नकोत. उरलेलं काम कानाचं.

दुसऱ्या दुकानात खास गिटारचे स्पीकर होते. सेठजींनी आमच्या ॲम्पच्या दोन वायरी नव्या स्पीकरला जोडल्या. अप्पा एका खोक्यावर बसले, गिटार मांडीवर घेतली आणि एक जुनं गाणं वाजवलं. वायर घ्यायला आलेला एक माणूस थांबलाच. "क्या मिठास है भिया!"

अप्पांनी मान हलवली. "वरचे सूर येतच नाहीयेत."

दुसरा लावला, तिसरा लावला. "हा पण मुका आहे." कांडी पार वरच्या टोकाला नेऊन ते तार जोरजोरात छेडत होते. मला सगळं ऐकू येत होतं. सेठजींना येत होतं. वायरवाला तर गुणगुणत होता. मग अप्पा घरात टीव्ही किती मोठ्याने लावतात ते आठवलं.

दुकानभर लोक. तिथे काय बोलणार? मी सेठजींना म्हटलं, "और तीखा वाला दिखाइए."

"भेनजी, एक है, पर वो मत लो. कान में चुभता है. वापस आया हुआ माल है."

"वही लगाइए."

तो वाजला आणि वायरवाला वायर न घेताच निघून गेला. अप्पांनी डोळे मिटले, गाणं पूर्ण वाजवलं, शेवटचा सूर बराच वेळ धरून ठेवला. "हाच," ते म्हणाले. त्यांचा चेहरा पाहून मला रडू यायला लागलं. मी मिरचीवर ढकललं.

परतताना अप्पांनी सराफ्यात खायचा हट्ट धरला. खाण्याचे ठेले तिथे रात्री लागतात, दिवसा फक्त दागिने मिळतात, हे जन्मभर इंदुरात राहिलेल्या माणसाला मी, सातारची, समजावत होते. शेवटी कोपऱ्यावर कचोरी खाल्ली.

संध्याकाळी स्पीकर बसवला. पहिल्याच गाण्याला नवरा आतून धावत आला. "हे काय आणलंत?" त्याला मी दूध आणायला पिटाळलं. शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. असा प्रवास करावा का असं कोणी विचारलं, तर माझी डोकेदुखी धरूनही सांगेन की जरूर जा.

दुसऱ्या गाण्यानंतर अप्पा थांबले. "कर्कश वाटतंय का गं?"

"नाही अप्पा. छान येतंय."

ते कांडी पुसत राहिले. "दुकानात तू तीखा मागितलास ना, तेव्हाच समझलं मला. कानाच्या डॉक्टरने दिवाळीतच सांगितलं होतं. मीच कोणाला बोललो नाही." मग माझ्याकडे पाहिलं. "आता खरं सांग."

"भयंकर कर्कश आहे, अप्पा."

त्यांनी मान डोलावली. "मग दार लावून घे," म्हणाले आणि तिसरं गाणं सुरू केलं.

मी दार लावलं, आतून, आणि त्यांच्यासमोर बसले.