घरमालकिणीचा बुरगा

दुबईपलीकडच्या फुजैरात आम्ही राहायचो त्या घराचा वरचा मजला आमचा आणि खालचा घरमालकिणीचा. नवरा बंदरावरच्या तेलाच्या टर्मिनलवर, मुलगी शाळेत, आणि मी घरून डबे करून द्यायचे. घरमालकीण इथलीच, सत्तरी ओलांडलेली. हज करून आलेली म्हणून सगळे तिला हज्जा म्हणायचे, तसं मीही म्हणायचे. तिच्या चेहऱ्यावर कायम एक मुखवटा असायचा, कपाळ, नाक आणि वरचा ओठ झाकणारा, उन्हात सोन्यासारखा लखलखणारा. आपल्याकडे बुरखा म्हटलं की अंगभर काळा झगा डोळ्यांपुढे येतो. इथल्या जुन्या बायका या एवढ्याशा मुखवट्यालाच बुरगा म्हणतात.

तो पितळेचा असतो याबद्दल मला शंकाच नव्हती. मुलगी शाळेच्या सहलीत म्यूझियम बघून आली, तिला गाईडने तेच सांगितलेलं. "इट्स मेटल, मम्मा. लाइक अ फाल्कन्स फेस." ससाण्याच्या तोंडासारखा, म्हणून म्हणे तसा आकार. दुसरीकडे एका गाईडने आम्हाला वेगळंच ऐकवलं होतं. समुद्रातून लुटारू यायचे, त्यांना किनाऱ्यावरच्या बायका लांबून मिशीवाले पुरुष वाटाव्यात म्हणून हे नाकावर घालायचं. दोन गाईड, दोन गोष्टी. तेव्हाच मला वाटलं होतं, यातलं कुणीतरी थापा मारतंय.

आम्ही सुट्टीत मुंबईला जाणार हे हज्जाला कळलं, आणि दर शुक्रवारी खालून हरीसचं भांडं वर यायला लागलं. गहू आणि मटण घोटून केलेलं ते हरीस मुलगी आवडीने खायची. मी मात्र नवऱ्याला म्हटलं, "हिला काहीतरी हवंय."

हवंच होतं. एका दुपारी हज्जाने मला खाली बोलावलं, कॉफी दिली आणि रुमालात गुंडाळलेला एक तुकडा पुढे ठेवला. तिचं हिंदी मोडकं, पण अडखळणारं नव्हतं. म्हणाली, असलं कापड बॉम्बेला मशीद बंदरच्या बाजारात मिळतं, येताना घेऊन ये. तुकडा पत्र्यासारखा चमकत होता. मी उचलला तर बोटं निळी झाली.

घरी येऊन सांगितल्यावर नवऱ्याने सरळ नाही म्हटलं. दुसऱ्याचं पाकीट न्यायचं नाही, हा इथला पहिला धडा. लोणच्याची बरणी म्हणून कुणाचं तरी सामान आणलं आणि आत गेला, अशी गोष्ट इथल्या प्रत्येकाला माहीत असते, जरी तो माणूस कुणीच पाहिलेला नसला. अफूच्या झाडाची म्हणून साधी खसखसही इथे आणता येत नाही, आमचे अनारसे त्यावाचूनच होतात. आणि ही बाई निळी पूड सुटणारा पत्रा मागतेय, तोही मुंबईहून, जिथे असलं काही मिळत असल्याचं मी जन्मात ऐकलेलं नाही. पण घर तिचं. नवरा म्हणाला, दुकान नुसतं बघून ये, मग ठरवू.

धाकट्या बहिणीला घेऊन मी गेले. दोन-तीन दुकानांत लोकांनी आमच्याकडे वेड्यासारखं पाहिलं. चौथ्या दुकानातल्या माणसाने तुकडा अंगठ्याने घासला, हुंगला आणि विचारलं, "दुबई का मस्कत?" उत्तराची वाट न बघताच तो आत गेला आणि कागदात बांधून चिकटपट्टी लावलेलं पाकीट घेऊन आला. मी म्हटलं, उघडा. तो म्हणाला, हवा लागली की चमक जाते, असंच न्यायचं असतं. बहिणीने माझा हात दाबला. मलाही तेच वाटत होतं. सामान दाखवायला नको म्हणणाऱ्या दुकानदाराकडून सामान घेऊन विमानात कोण बसेल?

"उघडणार नसाल तर राहू द्या," मी म्हटलं आणि उठले.

तो कुरकुरत उघडायला लागला. मी शेवटच्या घडीपर्यंत उघडायला लावलं. आत कापडच होतं. साधं सुती कापड, निळीत बुडवून, खळ देऊन, घोटून घोटून इतकं गुळगुळीत केलेलं की वर सोनेरी झाक येऊन धातू वाटावं. बहिणीची ओढणी निळी झाली. हे कापड आजोबांच्या वेळेपासून इथूनच तिकडे जातं, पूर्वी गलबतांनी जायचं, असं तो सांगत होता. तिकडे तेल सापडायच्या आधी नुसती वाळू होती, असं मी धरून चालले होते, त्यामुळे त्याचं बोलणं मी अर्धंच मानलं. पण पाकीट घेतलं.

दुबईच्या विमानतळावर आमची बॅग बाजूला काढली. कस्टमच्या बाईने कापड बाहेर काढलं, पाहिलं, परत ठेवलं. अडली ती मेतकुटाच्या पुडीपाशी. ही पिवळी पावडर काय, कशात घालतात, कुणी बनवली? भाताबरोबर खातात म्हटल्यावर तिने मला भात कुठाय असं विचारल्यासारखं पाहिलं. शेवटी नवऱ्याने चिमूटभर तोंडात टाकून दाखवलं, तेव्हा सोडलं.

दुसऱ्या दिवशी पाकीट घेऊन खाली गेले. हज्जाने दार लावून घेतलं, कापड खिडकीपाशी नेलं, घासलं, आणि म्हणाली, "ये असली नहीं."

मला राग आला. एवढ्या भीतीने आणलेली वस्तू. मी म्हटलं, तुम्ही सांगितलेल्या बाजारातूनच आणलंय. तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मी मध्ये पैसे खाऊन स्वस्तातलं घेतलं की काय, हा तिच्या मनातला विचार मला नीट दिसला. तरी मग तिने त्याच कापडाला कात्री लावली. कापताना, मधे नाकावर बसवायची लाकडी काडी शिवताना, तिने चेहऱ्यावरचा जुना बुरगा काढून बाजूला ठेवला. मी प्रथमच तिचा चेहरा पाहिला. नाकावर आणि गालांवर निळसर डाग होते. निळीने कातडी चांगली राहते, असं ती म्हणाली. ते मला तेव्हाही पटलं नाही.

मी तिला ससाण्याची आणि लुटारूंची गोष्ट सांगितली. ती सुईत दोरा ओवत होती.

"आदमी लोग कहानी बनाया," ती म्हणाली. "औरत को कोई पूछा?"

मग कशाला घालायचा, मी विचारलं. तिने सांगितलं, लग्न झालं तेव्हा सासूने बांधला. आईचा होता, आजीचा होता, म्हणून आपलाही. पुढे म्हातारपण आलं तेव्हा बरंच झालं, सुरकुत्या आत राहिल्या. एवढंच. लुटारू वगैरे तिच्या आजीनेही पाहिले नव्हते. कापड मात्र आजीच्या वेळीही बॉम्बेहूनच यायचं, याबद्दल तिला तिळमात्र संशय नव्हता. किनाऱ्यावर जहाज लागलं की बायका आधी तेच विचारायच्या, आणि दरवेळी भांडायच्या.

"का भांडायच्या?"

"मेरा माँ भी बोलता था, बॉम्बेवाला ठगता है."

त्या महिन्यात तिच्या नातीचं लग्न झालं. बायकांच्या मंडपात मलाही बोलावणं होतं. हज्जा नवा बुरगा घालून बसली होती आणि तो छान चमकत होता. मी जवळ जाऊन विचारलं, कसा झाला? तिने बोटाने कड चाचपली. "चलेगा," म्हणाली, आणि शेजारच्या बाईला अरबीत काहीतरी सांगितलं. ती बाई माझ्याकडे वळून बघायला लागली. काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण "बॉम्बे" हा शब्द मी ऐकला.