विचारणारा आणि न विचारणारा

टीगन मल्केही आमच्या होबार्टच्या डेपोत बस चालवायला आली तेव्हा नुकतीच तिशी ओलांडलेली होती. त्याआधी बापाच्या मासेमारीच्या बोटीवर असायची, म्हणून हात खरबरीत आणि आवाज मोठा. तिच्या शेजारी डबा खायला बसलं की हसून हसून ठसका लागायचा. डेपोतल्या बायकांत मी वयाने मोठी, त्यामुळे मनातलं मला येऊन सांगायची.

त्या हिवाळ्यात तिला रीस भेटला. फरश्या बसवायचं काम करायचा. नीटनेटका, गोड बोलणारा. तिची ड्यूटी संपायच्या वेळेला फाटकाशी कॉफी घेऊन उभा. आम्ही तिला चिडवायचो. माझा नवरा इतक्या वर्षांत एकदाही फाटकापर्यंत आला नाही, असं मीच बोलून दाखवलं होतं.

हळूहळू मेसेजला जरा उशीर झाला की त्याचा फोन यायला लागला. मग सँडी बेच्या फेरीवर त्याची पांढरी गाडी बसच्या मागे दिसायला लागली. तिने विचारलं, तर म्हणाला योगायोग. पुन्हा विचारलं, तर म्हणाला काळजी वाटते, त्यात काय चुकलं? तिलाही वाटायचं, खरंच, काय चुकलं? पण दिसेल ती पांढरी गाडी आरशात निरखायची खोड तिला जडली, आणि तिचं हसणं गेलं.

एका शनिवारी तो बसमध्येच चढला. पुढच्या सीटवर बसला तो उतरेचना. एका थांब्यावर नेहमीचे एक आजोबा "येतो गं पोरी" म्हणत उतरले. टीगन हसली.

"हा कोण?" रीसने विचारलं.

"पॅसेंजर. ऐंशीचा आहे तो, रीस."

"चिडतेस कशाला? मी नुसतं विचारलं."

शेवटच्या थांब्यावर तिने इंजिन बंद केलं आणि दार उघडलं. "उतर. आणि परत माझ्या मागे येऊ नकोस."

इतकं प्रेम करणारा तुला दुसरा मिळायचा नाही, असं म्हणत तो बसूनच राहिला. तिने त्याच्यासमोरच वायरलेसवर डेपोला कळवलं, तेव्हा उतरला. पुढे पोलिसांत जावं लागलं, कोर्टाचा मनाई हुकूम आला, मग कुठे तो दिसेनासा झाला.

पुढच्या उन्हाळ्यात कॅलम भेटला, लाकडी होड्या दुरुस्त करणारा. कमी बोलायचा, स्वयंपाक छान करायचा. आता तरी ही सुखात असेल असं मला वाटलं. पण डबा उघडून ती तशीच बसून राहायची.

"ग्लेनिस, तो कधी विचारतच नाही गं, कुठे होतीस म्हणून."

"मग बरंच आहे की."

"बरं काय? विचारावंसंच वाटत नसलं तर?"



एका सुट्टीच्या दिवशी ती गाडी घेऊन त्याच्या शेडच्या समोर, रस्त्यापलीकडे जाऊन थांबली. काचा वर करून बसली. कॅलम एका बाईबरोबर बाहेर आला. दोघं हसत होती. ती बाई गेली, आणि त्याला टीगनची गाडी दिसली. त्याने येऊन काच वाजवली.

"आत का नाही आलीस?"

योगायोगाने इथून जात होते, हे शब्द तिच्या जिभेवर आले होते. ते आल्याचीच तिला भीती वाटली.

"तुझ्यावर नजर ठेवत होते," ती म्हणाली.

"मला हे आवडलं नाही, टीगन. ती होडीची मालकीण होती. तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

"आणि तू? तू मला कधी काही विचारतोस?"

"रीसचं सगळं तूच सांगितलं होतंस ना? मला वाटलं, विचारलं तर तुला जाच होईल."

त्या दिवशी तो तिला आत चल म्हणाला नाही. ती घरी आली आणि तिने उगाचच सगळं स्वयंपाकघर धुऊन काढलं. दुसऱ्या संध्याकाळी त्याचा फोन आला. दिवस कसा गेला, एवढंच त्याने विचारलं, तेही अडखळत.

आता दोघं एकत्र राहतात. तो विचारतो, कधी तिला बरं वाटतं, कधी ती फटकन तोडून बोलते आणि मागाहून तो परसात असेल तिथे जाऊन त्याला सांगते, तुझ्यावर नव्हता तो राग.

"जमतंय का?" मी परवा तिला विचारलं.

"रोज नाही जमत," ती म्हणाली. "पण पळून जावंसं वाटत नाही."