रूम तं कालच देली

"रूम तं कालच देली," घरमालकीण काकू म्हणाल्या.

खोटं. किल्ली त्यांच्या हातातच होती. सुनंदानं आडनाव सांगेपर्यंत त्या तिला नळ केव्हा येतो ते सांगत होत्या. आडनाव ऐकलं अन् चप्पल काढणाऱ्या सुनंदाला म्हणाल्या, "राहू द्या. आत कायले येता?"

मी बाजूलाच उभी होती. मीच तिला आणलं होतं. माझी मैत्रीण म्हटल्यावर विचारणार नाहीत, असं वाटलं होतं. अमरावतीत आम्ही दोघी एकाच कॉलेजात शिकवतो, एका टेबलावर डबा खातो. सुनंदा बौद्ध. मीही. फक्त माझं आडनाव बौद्धांतही असतं अन् काकूंच्या जातीतही. मी वरची खोली घेतली तेव्हा काकूंनी मला आपल्यातली समजलं. मी समजू दिलं.

सुनंदानं माझ्याकडं पाहिलं. ती एक वाक्य बोलली असती तर माझीही खोली गेली असती. ती "बरं" म्हणाली अन् फाटकाबाहेर गेली.

मी तिच्यामागं गेली नाही.

"आपलं भलं पाहावं पयले," काकू मला समजावू लागल्या. "कोनालेबी घरी आनू नोको." मग ताटलीत गरम भजी दिली. मी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सुनंदाला विचारलं, "माही जात काहून नाई सांगितली तू काकूले?"

"तुले रूम पाह्यजे होती नं." डबा उचलून ती दुसऱ्या टेबलावर गेली.

प्रत्येकानं आपापलं पाहावं, त्यात काय वाईट, असं मी स्वतःला समजावत आली होती. सुनंदानं आपलं पाहिलं असतं तर? माझं छप्पर तिच्या गप्प राहण्यावर उभं होतं. अन् माझं गप्प राहणं तिला रस्त्यावर ठेवत होतं. दोन्ही गप्प राहणं सारखं नव्हतं. अपमान काकूंनी केला. पुरा मी केला.

संध्याकाळी काकूंच्या दारात उभी राहिली.

"काकू, सुनंदा जे आहे, तेच मी आहो."

त्यांचा चेहरा उतरला. "असं फसवतात काय व पोरी? खाली कर रूम."

"नाई करत. काहून करू, ते चार लोकांसमोर सांगा."

त्यांनी दार लावून घेतलं.

सुनंदा अजून माझ्याशी बोलत नाही. बरोबर करते. मी खोली सोडलेली नाही. आता कोणी आडनाव विचारलं की जातही मीच सांगते. अन् माझ्यासमोर कोणाला दारातून परत पाठवलं, तर पाठवणाऱ्याच्या तोंडून कारण वदवून घेतल्याशिवाय मी तिथून हलणार नाही.