झाकणावरची टकटक

कारखान्यांसाठी प्रशिक्षणाचे व्हिडिओ करणं हा माझा उद्योग. छापील सूचना कुणी वाचत नाही, म्हणून त्या करून दाखवायच्या. बिबवेवाडीतल्या एका रंगाच्या कारखान्यात एक गृहस्थ मिक्सर चालवत. त्यांचं नाव मी विचारलंच नाही, कारण मला फक्त त्यांचे हात हवे होते.

मिक्सरच्या पुरुषभर उंच टाकीचं झाकण लावलं की ते त्यावर दोनदा टकटक करत, कान टेकवत, थांबत आणि मगच बटण दाबत. कान टेकवताना त्यांचं डोकं मध्ये येऊन माझी फ्रेम बिघडायची.

“अहो, ही टकटक सूचनांत नाही. गाळा ती,” मी वैतागून म्हणालो.

“सूचना लिहिणारे कधी टाकी धुवायला आत उतरलेत का?” त्यांनी शांतपणे विचारलं. “आमचा एक जण उतरला होता. झाकण लावताना मी हाक मारली नाही. बटण मीच दाबलं.”

टकटक नंतर कापू, असं ठरवून मी चित्रीकरण उरकलं.

संकलनाला बसलो, हेडफोन लावले. त्यांची टकटक झाली. मशीन अजून बंदच होतं. तेवढ्यात टाकीच्या आतून कुणीतरी हलकेच टकटक केली. पडद्यावर त्यांनी ओळखीच्या माणसाकडे बघून डोलवावी तशी मान डोलावली आणि बटण दाबलं.

ते दृश्य मी कापलं नाही, फक्त आवाज काढून टाकला. आता तिथले नवे ऑपरेटर व्हिडिओ बघून तसंच करतात. कान टेकवल्यावर त्यांना काय ऐकू येतं, हे विचारायला मी अजून गेलेलो नाही.