चौघांना चार वाटा

चालू गाडीच्या मागे उकिडवं बसायचं, सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरायचा, डोळे मिटायचे आणि मान हलवायची. “गुदमरतीया.” आमच्या मिस्त्रींचं निदान एकदा झालं, की ते बदलायची कुणाची टाप नव्हती.

“अहो, पण आवाज तर ठीक आहे,” गाडीवाला म्हणायचा.

“आवाजाचं सोडा. दम बघा, दम.”

असा मिस्त्री तुम्हीही पाहिला असेल. हात सोन्याचे आणि डोकं बिडाचं.

चिंचवडला मुंबई-पुणे रस्त्यालगत आमचं वर्कशॉप होतं. ज्वारीच्या रानांत तेव्हा कुठे एकेक कारखान्याची शेड उभी राहत होती. मी साताऱ्याकडून येऊन फिटर म्हणून लागलो होतो. मिस्त्री चाकणजवळच्या खेड्यातले, शेती भावावर सोपवून आलेले. त्याआधी बारा वर्षं त्यांनी मुंबईच्या गोदीत बॉयलरच्या पोटात बसून रिव्हेट ठोकले होते.

एकदा पुण्याचे एक तरुण वकील आपली लाल, उघडी, दोनच माणसांची विलायती गाडी घेऊन आले. मुंबईला विमानाच्या धावपट्टीवर मोटारींची शर्यत होती आणि त्यांना गाडी आणखी पळवायची होती. मिस्त्रींनी तळहात धरला.

“चारी सिलिंडरचा धूर एका बोळकांडीत कोंबलाय. चौघांना चार वाटा देतो. फुडं सायलेन्सरबी नवा करतो. मग बघा.”

वकील खूश झाले आणि माझ्या मागे साडेसाती लागली.

त्या मापाचा पाइप बाजारात मिळेना. नव्या पाइपासाठी सरकारी परमिट मागितलं तर कारकून म्हणाला, “शर्यतीसाठी? मग मिळालंच समजा,” आणि अर्ज ढिगाऱ्याच्या तळाशी सरकवला. मी सायकलवर पुण्याचा जुना बाजार पालथा घातला. आणलेला पहिला पाइप जाड निघाला, दुसरा पातळ. शेवटी लष्कराच्या मोडीत हवा तसा सापडला, तर मिस्त्री त्यात पवना नदीची वाळू ठासून, भट्टीत लाल करून वाकवायचे आणि वळणाला सुरकुती पडली म्हणून फेकून द्यायचे. मला ती सुरकुती दिसायचीसुद्धा नाही.

“चालतंय की, मिस्त्री!”

“तुला चालतंय. धुराला न्हाई चालत.”

तीन आठवड्यांनी चार चकचकीत पाइप इंजिनाला बसले. वकील देहूरोडपर्यंत फेरी मारून आले. “पळते छान, पण खालून काहीतरी खडखडतंय.”

आम्हा सगळ्यांना ती खडखड स्वच्छ ऐकू येत होती. मिस्त्रींनी तळहात धरला. “कायबी न्हाई. मोकळी हाय.”

वकील हटून बसले, तेव्हा सगळं उतरवून पुन्हा चढवलं. खडखड तशीच. पुन्हा उतरवलं. खडखड तशीच. “त्या वकिलाच्या कानाचंच दुखणं हाय,” मिस्त्री ओरडले. शर्यत चार दिवसांवर आली होती. मालक माझ्यावर चिडत होते, मी मिस्त्रींवर. हा माणूस समोरची गोष्ट कबूल का करत नाही, या विचारानं माझं डोकं फुटायची वेळ आली होती.

तिसऱ्या खेपेला ते गाडीखाली आडवे होते. जॅक जमिनीत रुतून कलताना मला दिसला.

“मिस्त्री, बाहेर! जॅक!”

ते शांतपणे नट फिरवत राहिले. मी पुन्हा बोंब मारली. मग त्यांचे दोन्ही पाय धरून ओढलं. ते पुरते बाहेर येतात न येतात तोच गाडी खाली बसली.

ते आधी माझ्यावर खेकसले. मग गाडीकडे पाहिलं.

“तू हाक मारलीस व्हय?”

“दोनदा.”

बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची त्यांची सवय आम्हाला आदबीची वाटायची. ते ओठ वाचत होते.

“बॉयलरनं खाल्ले कान,” ते म्हणाले. “मालकाला सांगू नगंस. मीच सांगन. आदी ही गाडी हुंदे.”

मग त्यांनी हातोडीचा लाकडी दांडा काढला, एक टोक दातांत धरलं, दुसरं पाइपाला टेकवलं आणि मला इंजिन वाढवायची खूण केली. सायलेन्सरपाशी आल्यावर दातांत खडखड जाणवली, तशी त्यांच्या कपाळाला आठी पडली. कापून पाहिला, तर आतला पत्रा एका बाजूनं सुटा होता. तिथे वेल्डिंगचा डाग द्यायचा राहिला होता.

“माझीच चूक,” ते म्हणाले. “आन् मी त्या वकिलाला बोल लावला.”

दुसऱ्या दिवशी गाडी निघाली. वकिलांनी ती रस्त्यावर घेतली आणि दाबली, तसे समोरच्या चहावाल्यासकट आम्ही सगळे हातातलं काम टाकून रस्त्याकडे वळलो. गाडी आकुर्डीच्या चढावर दिसेनाशी झाली तरी तो आवाज येत होता. मी मिस्त्रींकडे पाहिलं. ते रस्त्याकडे बघतच नव्हते. एकेक करून आमचे चेहरे बघत होते.

“कसा आला?” त्यांनी मला विचारलं.

“चांगला.”

“चांगला म्हंजी कसा?”

मी तोंड उघडलं. “जोरात,” म्हणालो. ते वाट बघत राहिले, माझ्या ओठांकडे बघत. “एकदम छान, मिस्त्री.”

“बरं,” म्हणून ते हात पुसायला आत गेले.

त्या शनिवारी त्यांनी मालकांना कानांचं सांगून टाकलं. म्हणाले, “ह्या खेपंला मी वाचलो. उद्या माझ्यापायी दुसरा जाईल.” मालकांनी थांबवलं नाही. मिस्त्री गावाकडे शेतीवर गेले, आणि पुन्हा काही आमची गाठ पडली नाही.

आता मला तो आवाज सांगता येईल असं कधीकधी वाटतं. दूर घाटात ढग गडगडावा आणि त्याला कुठे कड नसावी, तसा. एवढं वाक्य त्या दिवशी सुचलं असतं, तर त्यांनी ते माझ्या ओठांवरून वाचलं असतं.