साखरेचा डबा

ब्रिटन युरोपच्या संघातून बाहेर पडलं, त्यावरून आमच्या लंडनच्या घरात वाद पेटला होता.

“ते युरोपातले लोक गेले की आपल्या पोरांना जागा होईल,” हे म्हणाले.

“आणि माल महागेल त्याचं काय?” भाऊजींनी विचारलं.

तेवढ्यात शेजारची पोलिश मारिया माझा डबा द्यायला आली. ती कायमची मायदेशी निघाली होती. भांडं रिकामं परत करू नये, हे मीच तिला शिकवलेलं. सगळं सामान बांधून झालं होतं, तरी डब्यात चिमूटभर साखर होती. आमच्या दोन स्वयंपाकघरांतला व्यापार इतकी वर्षं असाच बिनबोभाट चाललेला.

ती पोलंडला गेली. मला बसवेना. ओट्यावर तिची काचेची वाटी राहिली होती. रिकामी पाठववत नाही, आणि भरून पाठवावी तर आता मध्ये कस्टम आहे.