चालू डब्यातून बाहेर पडताना

माझी ताई कुठूनही नुसती उठून जायची नाही. फोन ठेवायच्या आधी "ठेवते हं" असं दोनदा म्हणणार, दार ओढून घेतलं की ते लागलं का बघायला परत ढकलणार, आणि गॅस बंद केला ना हे विचारायला अर्ध्या जिन्यातून वर येणार. माझी बायको वैतागायची. "वन्सं निघाल्या म्हणजे निघाल्या असं नसतं," म्हणायची, "अजून तीन वेळा निघायच्या असतात."

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी आठवीत होतो. त्यानंतर शाळेत बोलावणं आलं की तीच यायची, आणि मास्तरांसमोर माझी बाजू घेऊन घरी आल्यावर मला झोडपायची. तिनं लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं तर "राहून गेलं" म्हणायची आणि विषय बदलायची. विसाव्या वर्षी एका कचेरीत टेलिफोन बोर्डावर लागली. बोर्ड गेले, तेव्हा तिच्याबरोबरच्या बायका घरी बसल्या. ही पंचेचाळिसाव्या वर्षी चष्मा सावरत संगणकाच्या वर्गात जाऊन बसली, अर्ध्या वयाच्या पोरांच्या मधोमध. तिथून ती आमच्या केंद्रात आली. आमचं केंद्र म्हणजे शहरभरच्या रुग्णवाहिका जिथून सुटतात ते. मी तिथलाच ड्रायव्हर. ती आत, पंख्याच्या घरघरीत. मी बाहेर, रस्त्यावर शिव्या देत.

तिचं काम मला कळायला दोन वर्षं लागली. लोकांचे फोन घेऊन कोणती गाडी कुठं पाठवायची हे ठरवणारा जो प्रोग्रॅम, तो एका कंटेनरमध्ये, म्हणजे संगणकातल्याच एका वेगळ्या कप्प्यात, चालतो. ताई त्याला डबा म्हणायची. पहिल्यांदा घरी म्हणाली, "आज डबा दोनदा पडला," तेव्हा बायकोनं धावत जाऊन तिची पिशवी उघडून बघितली.

तर डबा चालू असताना आत डोकावायचे दोन रस्ते. एक नुसता बघायचा: प्रोग्रॅम जे जे लिहितो ते पडद्यावर सरकत राहतं. बघून झालं की कंट्रोल आणि सी दाबायचं, बाहेर. कुणाचं काही बिघडत नाही. दुसरा रस्ता जोडून घ्यायचा. एक ओळ टाइप केली की तुमचा कीबोर्ड हा थेट त्या प्रोग्रॅमचा कीबोर्ड होतो. तिथं कंट्रोल-सी दाबलंत, तर तुम्ही बाहेर पडत नाही, प्रोग्रॅमच बंद पडतो. तिथून सुटायचं तर कंट्रोल धरून आधी पी, मग क्यू. मग तुम्ही सुटता आणि तो आपला चालत राहतो. ताईनं पडद्याच्या कडेला कागद चिकटवला होता: 'सी नाही. पी, मग क्यू.' मी तिला चिडवायचो, "ताई, तुझ्यासारखाच डबा आहे. नीट निरोप घेतल्याशिवाय सोडत नाही."

आणखी एक भानगड होती. गाडीची वाट बघणाऱ्यांची यादी डब्याच्या नुसत्या डोक्यात असायची, कुठं लिहिलेली नसायची. डबा बंद पडला की अर्ध्या मिनिटात आपोआप परत उठायचा, पण कोऱ्या डोक्यानं. ही यादी लिहून ठेवायची सोय करा, असं ताईनं साहेबांना दोनदा लेखी कळवलं होतं. दोन्ही वेळा उत्तर आलं, 'पुढच्या टप्प्यात.' त्या टप्प्याचं तोंड अजून कुणी पाहिलेलं नाही.

त्या दिवशी सकाळपासून डबा कुरकुरत होता. ताई सारखी आत डोकावत होती, पहिल्या रस्त्यानं, आणि कंट्रोल-सी दाबून बाहेर येत होती. वीस वेळा तरी झालं असेल. साडेअकराला पडद्यावरचं सरकणं थांबल्यासारखं वाटलं, म्हणून तिनं डब्याला जोडून घेतलं. सगळं ठीक होतं. यादीत सात जण होते, सातवा नुकताच आत आला होता. इतक्यात साहेबांनी दारातून हाक मारली, "अहो, तो अहवाल कुठाय? पाहुणे खोळंबलेत." ती वळली. मान साहेबांकडे आणि हात कीबोर्डवर. हाताला सकाळपासून जे अंगवळणी पडलं होतं तेच हातानं केलं.

डबा परत उठला. सातपैकी सहा जणांनी पाच-दहा मिनिटांत पुन्हा फोन केले, शिव्या घातल्या, गाड्या गेल्या. सातव्यानं केला नाही. फोन घेणाऱ्या मुलीनं त्याला नेहमीचं वाक्य सांगितलं होतं: गाडी येते आहे, फोन मोकळा ठेवा. त्यानं मोकळा ठेवला. चाळीस मिनिटं आईच्या उशाशी फोन हातात धरून बसला. मग न राहवून त्यानं परत लावला, तेव्हा मला निरोप मिळाला. त्या चाळीस मिनिटांतली पंचवीस मी पेट्रोल पंपामागच्या झाडाखाली गाडी लावून चहा पीत होतो, आणि आज बरं आहे, दगदग नाही, असं म्हणत होतो.

चौथा मजला, लिफ्ट नाही. बाई आमच्या हातात आली तेव्हाच गेलेली होती. मी आणि गाडीवरचा मदतनीस स्ट्रेचर धरून उगीचच घाई करत उतरत होतो. मुलगा मागून येत होता. पन्नाशीचा माणूस, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. "इतका वेळ का लागला? पत्ता सापडला नाही का?" तो सारखा विचारत होता. माझा श्वास लागला होता, घाम डोळ्यांत जात होता, आणि माझी जीभ कधी माझ्या ताब्यात नव्हतीच. मी म्हणालो, "पत्ता नीट सांगितला असता तर आलो नसतो का?"

तो जिन्यातच थांबला. मी थांबलो नाही.

संध्याकाळी ताईनं मला सगळं सांगितलं. रडली नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी तिची खाट आहे, तिच्यावर बसून उजवा हात डाव्या हातानं दाबत राहिली. साहेबांना तिनं दुपारीच सांगून टाकलं होतं. साहेब म्हणाले होते, "डबा आपोआप पडला. तुम्ही तोंड उघडायचं नाही." अहवालात तसंच गेलं.

पंधरा दिवसांनी तो माणूस केंद्रात आला. खिडकीशी उभा राहून एकच विचारत होता, "मी पहिल्या फोनवर पत्ता काय सांगितला होता ते बघून सांगा." साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "तुमच्या पहिल्या फोनची नोंदच नाही." ताई आतून ऐकत होती. पुढच्या आठवड्यात तो परत आला. त्याच्या पुढच्याही. "माझी बहीण माझ्याशी बोलायची बंद झालीय," म्हणाला, "कारण मीच सांगितलं तिला की माझ्याकडून पत्ता चुकला."

त्या दिवशी ताई घरी आली ती चप्पल न काढताच म्हणाली, "मी त्यांच्याकडे जातेय."

"नोकरी जाईल," मी म्हणालो.

"जाऊ दे."

"ताई, तो माणूस तुला उभी जाळेल."

"मग जाळू दे. तू येणार आहेस का नाहीस?"

मला जायचं नव्हतं. जिन्यातलं माझं वाक्य मी तिला सांगितलंच नव्हतं. पण लहानपणापासून ती पुढं आणि मी मागं, तसा गेलो.

दार त्यानंच उघडलं. मला ओळखलं की नाही, कळेना. ताई उंबऱ्यातच उभी राहिली, आत या म्हटलं तरी गेली नाही. तिनं सांगितलं. कंट्रोल, सी, डबा, यादी, सगळं सांगितलं, त्यातलं त्याला काय कळलं देव जाणे. मग म्हणाली, "थोडक्यात, तुमचा फोन आला होता आणि तो माझ्या हातून पुसला गेला. तुमची काही चूक नव्हती. माझी होती."

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. दाराची कडी घट्ट धरून म्हणाला, "पत्ता?"

"सातवी ओळ होती," ताई म्हणाली. "मी वाचली होती." आणि तिनं पत्ता म्हटला. घराचा नंबर, चौथा मजला, जुन्या छापखान्यासमोरचं फाटक, लिफ्ट नाही, आई वय अठ्ठ्याहत्तर, श्वास लागतोय. अक्षर न् अक्षर. महिनाभर ती ओळ तिच्या डोळ्यांपुढून हलली नव्हती.

"परत म्हणा," तो म्हणाला.

ताईनं परत म्हटला. तो ओठ हलवत तिच्याबरोबर म्हणत गेला. मग त्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. ओळखलं होतं त्यानं, पहिल्यापासून.

"ऐकलंत ना?" त्यानं मला विचारलं.

"ऐकलं," मी म्हणालो. ताई माझ्याकडे बघत होती.